घर क्रमांक सतरा, तळमजला

८ जानेवारी

नव्या विकास आराखड्यातले व्यापारी विभाग अखेर माझ्या टेबलावर येऊन पडले. साहेब म्हणाले, "नियम कोणीही लिहील हो. मला हेतू लिहून हवेत. हा विभाग शहरात का असावा, ते साध्या भाषेत. वाचणाऱ्याला वकील करायला लागू नये." एकूण तीन विभाग: बाजारपेठेतला मध्यवर्ती, गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्यालगतचा आणि गल्ल्यांमधला स्थानिक. पहिले दोन जेवणाच्या सुट्टीआधीच उरकले. मध्यवर्ती म्हणजे साऱ्या शहरासाठी: मोठी दुकानं, बँका, कचेऱ्या, गर्दी. रस्त्यालगतचा म्हणजे गॅरेजं, गोदामं, ज्यांना जागा लागते आणि ज्यांचा आवाज होतो ते सगळे. तिसऱ्यावर घोडं अडलं. गल्लीतलं दुकान कशाला असतं हे इतकं उघड आहे, की लिहायला बसलं तर एक शब्द सुचत नाही.

ऑफिसात मला फूटपट्टी म्हणतात. एकतीस वर्षं आरेखक आहे आणि रेघ कधी वाकडी गेली नाही, म्हणून. कौतुकानंच म्हणत असावेत. जुलैअखेर निवृत्ती आहे, तेव्हा हे शेवटचं मोठं काम.

९ जानेवारी

काल जेवताना दादालाच विचारलं. दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. खालच्या पुढच्या खोलीत त्याचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, मागे तो आणि वहिनी राहतात, वर मी एकटा. बायको गेल्यापासून माझं जेवण वहिनींकडेच.

"दादा, गल्लीत दुकान कशाला असतं?"

त्यानं घास संपवला आणि म्हणाला, "मशीन जड असतं रे. बाया ते कडेवर घेऊन येतात. जितकं जवळ तितकं बरं." थोड्या वेळानं, "आणि ठोकायचं ते शेजारच्याला झोप लागेल इतकंच ठोकावं."

आज ऑफिसात एका दमात लिहिलं: "स्थानिक व्यापारी विभागाचा हेतू असा की, रहिवाशांच्या रोजच्या गरजा घरापासून चालत, हातात ओझं घेऊन जाता येईल इतक्या अंतरावर भागाव्यात, आणि त्या भागवताना शेजाऱ्याची शांतता मोडू नये." साहेबांनी दोनदा वाचलं. म्हणाले, हातात ओझं घेऊन, हे तुम्हाला कसं सुचलं? मी नुसता हसलो.

२१ जानेवारी

स्थानिक विभागात चालणाऱ्या धंद्यांची यादी झाली. किराणा, दूध, औषधं, केशकर्तन, धुलाई, शिवणकाम वगैरे मिळून सव्वीस. शेवटी मीच एक कलम घातलं: यादीत नाही ते चालणार नाही. त्यामुळे मसुदा कसा सुटसुटीत झाला. साहेबांना जुन्या दुकानदारांची काळजी. म्हणून पुढे जोडलं, की यादीत नसलेला पण आधीपासून चालू असलेला धंदा, सर्वेक्षणात नोंद असल्यास, तसाच चालू राहील.

म्हणजे सगळा भार सर्वेक्षणावर. एकेचाळीस गल्ल्या, घर न घर. ते काम दुसऱ्या कुणावर सोपवायला माझं मन धजेना.

१२ फेब्रुवारी

सर्वेक्षण संपलं. पायांचे तुकडे पडले, पण एकही घर ऐकीव माहितीवर भरलं नाही. आमची गल्ली मुद्दाम शेवटी ठेवली होती. सोळा नंबरपाशी आलो तर वहिनींनी हाक मारली, चहा टाकलाय. बाजूच्या जिन्यानं वर गेलो, कागद ठेवले, चष्मा काही सापडेना. वहिनी कप घेऊन वर आल्या आणि म्हणाल्या, "काखेत कळसा अन् गावाला वळसा. कपाळावर आहे तो." चहा घेऊन उतरलो आणि अठरापासून पुढे निघालो. आमच्या घराची ओळ ऑफिसात बसून भरली. तिच्यात बघायचं काय होतं?

घरात मी नेहमी बाजूच्या जिन्यानंच जातो. दुकानातून गेलं की तेलाचा डाग लागतो, आणि नकाशावर डाग म्हणजे दिवसाचं काम फुकट.

प्रत्येक तक्त्याखाली लिहिलं, "सर्वेक्षण मी स्वतः प्रत्यक्ष जाऊन केले." एकेचाळीस सह्या करून बोटं आखडली. समाधान वाटलं, ते का लपवू?

१८ मार्च

आराखडा प्रसिद्ध झाला. सभागृहात भिंतभर नकाशा लावलाय: रहिवासी पिवळा, व्यापारी निळा. खाली लांब टेबलावर माझे एकेचाळीस तक्ते. हरकती द्यायला तीस दिवस. बाजारपेठेतला एक बडा व्यापारी वकिलाला घेऊन आला होता. त्याला त्याची मागची गोदामं निळ्यात हवीत. मोठ्यानं म्हणाला, सर्वेक्षण टेबलावर बसून केलंय. साहेब मला नंतर केबिनमध्ये म्हणाले, "एक ओळ खोटी निघाली तर सगळं सर्वेक्षण झोपेल. तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त आहे."

माझी छाती फुगली होती, खरं सांगायचं तर.

२० मार्च

यादीबाहेरचे पण नोंदीमुळे वाचलेले धंदे किती, ते साहेबांनी काढायला सांगितलं. अकरा निघाले. छत्र्या दुरुस्त करणारा, किल्ल्या बनवणारा, दोन चांभार. वाचता वाचता वाटलं, कोणीतरी राहिलं. मग लक्षात आलं. शिलाई मशीन दुरुस्ती यादीतही नाही आणि या अकरांतही नाही.

आमच्या गल्लीचा तक्ता उघडला. घर क्रमांक १७, तळमजला: निवासी. अक्षर माझं. सुबक.

त्रेचाळीस वर्षं चाललेलं दुकान. मी रोज सकाळी साडेआठला त्याच्या शटरच्या आवाजानं उठतो. त्या दुकानावर माझं शिक्षण झालं. शहरातली सगळी घरं मी डोळ्यांनी पाहिली आणि आपल्याच घराला पेनानं हात लावून पुढे गेलो. घर म्हटल्यावर हातानं आपोआप निवासी लिहिलं असणार. दुसरं काय असणार?

आता आराखडा मंजूर झाला, की दादाचं दुकान बेकायदेशीर. कलम माझं, यादी माझी, तक्ता माझा.

२१ मार्च

साहेबांच्या दारापर्यंत दोनदा गेलो. आत तो वकील बसला होता.

२३ मार्च

तोड सुचली. दादानं हरकत दिली की झालं. दुकान जुनं आहे, नोंद राहून गेली, एवढं लिहायचं. अशा हरकती सरसकट मान्य होतात. मला मध्ये पडायला नको. पण दादाला सांगायचं म्हणजे चूक सांगायला हवी. म्हणून हरकतीचे चार कोरे फॉर्म आणले आणि जेवणाच्या टेबलावर विसरल्यासारखे ठेवले.

२६ मार्च

फॉर्म टेबलावर नाहीत. वहिनींनी सामानाच्या याद्यांना घेतले असतील, नाहीतर कपाटात अंथरले असतील. त्यांना पाठकोरा कागद दिसला की राहवत नाही.

दादा आज दुपारी दुकान बंद करून इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर गेला होता म्हणे. कुठे, विचारलं तर "पाय मोकळे करायला" म्हणाला. जेवताना त्यानं एकाएकी विचारलं, "तुझ्या निवृत्तीचं सगळं सुरळीत आहे ना? कुठल्या कागदावरून शेवटी शेवटी अडवत नाहीत ना माणसाला?" मी म्हटलं, अडवतात कधीकधी. तो मान हलवून जेवत राहिला. म्हातारपणी माणसाला उगाच काळज्या सुचतात.

५ एप्रिल

आज आराखड्याची नोटीस छापलेला पेपर त्याच्यापुढे ठेवला. म्हटलं, "हल्ली लोक फार हरकती देतायत. ज्याचं जे असेल ते त्यानं वेळेत दिलेलं बरं."

दादा पायरीवर बसून एका मशीनचं शटल पुसत होता. वर न बघता म्हणाला, "ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ही तुझी लहानपणापासूनची खोड." मग फडकं बाजूला ठेवलं. "काही सांगायचंय का तुला?"

"नाही रे. सहज बोललो."

मी पेपरची घडी केली आणि वर आलो. उद्या नक्की सांगेन.

१७ एप्रिल

शेवटचा दिवस. दोनशे चौदा हरकती आल्या. नोंदवही संध्याकाळी मी स्वतः दोनदा चाळली. दादाची नाही.

मी रोज "उद्या" म्हणत बारा दिवस घालवले. भित्रा आहे मी. एकतीस वर्षं सरळ रेघा मारल्या म्हणून माणूस सरळ होत नाही.

२२ एप्रिल

दादानं जेवताना सांगितलं, दुकान बंद करतोय. "डोळे साथ देत नाहीत आता. सुईचं भोक दिसत नाही. त्रेचाळीस वर्षं पुष्कळ झाली." वहिनी ताटाकडे बघत होत्या.

मला वाईट वाटायला हवं होतं. आधी सुटल्यासारखं वाटलं. सुंठीवाचून खोकला गेला. आराखड्यामुळे नाही, वयामुळे बंद होतंय. मग माझ्या त्या ओळीनं कुणाचं काय वाईट झालं? जेवण झाल्यावर वहिनी बटण लावायला बसल्या. दोरा ओवता येईना, तशी सुई दादाकडे दिली. त्यानं पहिल्याच झटक्यात ओवून परत दिली आणि हात धुवायला गेला. सवयीचा हात आहे.

९ मे

हत्यारं गेली. बाहेरच्या रस्त्यावर सात किलोमीटरवर एकानं दुरुस्तीचं नवं दुकान काढलंय, त्याला दादानं सगळं देऊन टाकलं: पान्हे, हुकांचे डबे, पट्टे कापायची सुरी. एक तेवढी तेलाची कुपी ठेवली. पाटी त्यानं स्वतः उतरवली. मी शिडी धरली होती. पाटीमागे भिंतीचा जुना रंग निघाला, फिकट हिरवा. मला वाटलं, आता तो काही बोलेल. तो म्हणाला, "शिडी सोडू नकोस, मी उतरतोय."

साडेआठला शटर वाजत नाही. मला जाग उशिरा येते.

३१ जुलै

निरोप समारंभ. दादा आणि वहिनी आले होते. दादा तोच इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या रांगेत बसला. आमची टंकलेखक बाई त्याच्याकडे बघून मला म्हणाली, "हे तुमचे भाऊ होय? यांना मी पाहिलंय. नकाशा लावला होता तेव्हा आले होते. बराच वेळ एका तक्त्यासमोर उभे होते." मी म्हटलं, दुसरं कोणी असेल. तेवढ्यात मला स्टेजवर बोलावलं.

साहेबांनी माझ्या कामाचा नमुना म्हणून स्थानिक विभागाचा हेतू वाचून दाखवला. "हातात ओझं घेऊन जाता येईल इतक्या अंतरावर." टाळ्या झाल्या. मी मागे पाहिलं तर दादाही टाळ्या वाजवत होता. घरी येताना म्हणाला, "वाक्य चांगलं आहे." बाईचं बोलणं डोक्यातून जात नाही. पण तिची नजर कमजोर आहे, सगळे सांगतात.

१९ ऑगस्ट

आराखडा लागू होऊन नऊ दिवस झाले. घरी बसून दिवस सरत नाही.

सकाळी पलीकडच्या गल्लीतल्या शिवणवाल्या बाई मशीन कडेवर घेऊन आल्या. घामाघूम. दादा पायरीवर बसला होता.

"टाका सुटतोय हो. नुसतं बघा तरी."

"दुकान बंद केलं मी, बाई."

"दुकानात नका बघू. इथं पायरीवर बघा. दोन मिनिटांचं काम तुमचं."

दादानं हात मागे घेतले आणि पाठीशी धरले. "पायरीवर नाही, कुठेच नाही. इथं परवानगी नाही आता. कोणी तक्रार केली तर भलत्याच माणसाच्या अंगाशी येईल."

बाई मशीन उचलून तशाच परत गेल्या. कोपऱ्यापर्यंत जाताना तीनदा टेकल्या. मी वरच्या खिडकीतून मोजलं. परवानगी हा शब्द दादाच्या तोंडात कुठून आला? त्यानं तर डोळ्यांमुळे बंद केलं.

२० ऑगस्ट

दाराची बिजागरी करकरत होती म्हणून तेलाची कुपी घ्यायला दुकानाच्या खोलीत गेलो. पुढच्या दारानं त्या खोलीत शिरल्याला किती वर्षं झाली ते आठवेना. टेबलाच्या खणात कुपी होती आणि कुपीखाली माझे फॉर्म.

चारांतले तीन भरलेले. दादाचं अक्षर, प्रत्येक शब्द जोर देऊन.

पहिल्यावर तारीख २६ मार्च. हरकतीचं कारण: "सर्वेक्षणाच्या दिवशी माझे दुकान बंद होते, त्यामुळे नोंद राहिली." वर आडवी रेघ. दुकान त्या दिवशी बंद नव्हतं. त्रेचाळीस वर्षांत मोजून चार दिवस बंद असेल.

दुसऱ्यावर: "दुकानाची पाटी रंगवण्यासाठी उतरवलेली होती, त्यामुळे सर्वेक्षण करणाऱ्यास दुकान दिसले नाही. त्यांची चूक नाही." तीही खोडलेली. शेजारी कंसात बारीक: चौकशी झाली तर?

तिसऱ्यावर तारीख १६ एप्रिल. कारणाच्या चौकटीत एवढंच: "सर्वेक्षण करणारा माझा धाकटा भाऊ आहे. तो प्रामाणिक आहे." पुढे काही नाही.

चौथा कोरा.

मी तिथेच त्याच्या स्टुलावर बसलो आणि रडलो. बिजागरीला तेल घालायचं राहिलं.

२१ ऑगस्ट

साहेबांकडे गेलो. सगळं सांगितलं, फॉर्म दाखवले. तिसरा फॉर्म त्यांनी उजेडाकडे धरून वाचला.

"मार्चमध्ये का नाही सांगितलंत? एका ओळीचं शुद्धिपत्रक काढलं असतं. दहा मिनिटांचं काम."

"तुम्हीच म्हणाला होतात, एक ओळ खोटी निघाली तर सगळं झोपेल."

"खोटी म्हणालो होतो. तुमची चुकलेली होती. चुकलेली ओळ ज्यानं लिहिली त्यानं येऊन सांगितली, तर त्या तक्त्यांवरचा विश्वास वाढलाच असता." मग जरा नरमले. म्हणाले, अजून अर्ज करा, वर्षभरात फेरबदल करून घेऊ.

दहा मिनिटं. मी पाच महिने त्या दहा मिनिटांना घाबरलो, आणि दादानं माझ्या त्या भीतीपायी दुकान मोडलं.

२२ ऑगस्ट

सकाळी पुढच्या दारानं आत गेलो. दादा रिकाम्या टेबलाशी बसला होता. तिन्ही फॉर्म समोर ठेवले. तो चपापला नाही.

"तक्ता बघितलास तू तेव्हा."

"तुझं अक्षर लांबून ओळखतो मी."

"मग मला विचारलं का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबलो. त्या दिवशी विचारलंही. मग वाटलं, तू घाबरलायस. शेवटचे तीन महिने राहिले होते तुझे."

"आणि डोळे?"

"डोळ्यांना काय धाड भरलीय." किंचित हसला. 

फेरबदलाचं सांगितलं. म्हणालो, नवी हत्यारं आणू, पाटी मी स्वतः रंगवतो. दादानं टेबलावरून हात फिरवला. तिथे पन्नास ठिकाणी खाचा आहेत. म्हणाला, "बाया तिकडे जायला लागल्या. वर्षभरानं मी सत्तरीचा. राहू दे आता." मग फॉर्म नीट घडी करून माझ्या हातात दिले. "एक विचारू? खरं सांग. तू ते निवासी लिहिलंस, तेव्हा तुला दुकान आठवलं नाही, की लिहावंसं वाटलं नाही?"

मी तोंड उघडलं. आठवलं नाही, असं म्हणायचं होतं. पण एकतीस वर्षं मी बाजूच्या जिन्यानं चढतोय. तेलाचा डाग लागेल म्हणून, असं इथेच फेब्रुवारीत लिहून ठेवलंय. ऑफिसातल्या कुणाला कधी सांगितलं नाही, की हातात ओझं घेऊन हे वाक्य मशीन दुरुस्त करणाऱ्या माझ्या भावाचं आहे. दादा उत्तराची वाट बघत होता, आणि मला खरंच उत्तर माहीत नव्हतं.

"बरं, असू दे," तो म्हणाला आणि उठून मागे गेला. वहिनींना म्हणाला, याला चहा दे.

तो गेल्यावर खोली बघितली. सर्वेक्षणाला बघतात तशी, दारापासून, चारही भिंती. टेबल, स्टूल, तेलाची कुपी. कोपऱ्यात वहिनींनी वाळत टाकलेली चादर. घर क्रमांक १७, तळमजला: निवासी. मी स्वतः प्रत्यक्ष जाऊन पाहिलं. आता ती ओळ बरोबर आहे.